माझ्या नावावरचं सिम

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी त्याच्याकडं आधार कार्ड मागितलं.

भूमच्या बाजाराचा दिवस होता. मी एका हातानं झेरॉक्स काढत होते, दुसऱ्या हातानं कुणाचा तरी रिचार्ज मारत होते, आणि काउंटरपुढं माणसं एकमेकांच्या खांद्यावरून कागद पुढं सरकवत होती. त्यांत हा एक. बुटका, सावळा, चाळिशीच्या आसपासचा, पायात जाड तळाचे बूट. आमच्याकडं पवनचक्क्यांच्या कामावर ओडिशा-आसामकडचे कामगार येतात. त्यांतलाच असेल म्हणून मी नीट वर न बघताच हात पुढं केला.

“सिस्टर, सिम,” तो म्हणाला.

“आधार?”

त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. फिलिपिन्स. मी तो उघडला, मिटला, परत उघडला. तोवर आमच्या दुकानात पासपोर्ट यायचे ते हजला निघालेल्या माणसांचे, झेरॉक्ससाठी. परदेशातलं गिऱ्हाईक काउंटरपुढं कधी उभं राहिलं नव्हतं.

दुकान सासऱ्यांच्या नावावर आहे. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, त्यामुळं त्यांना धंदा करता येत नाही, आणि सासऱ्यांना आता बसवत नाही. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षापासून दुकान मीच बघते. कागदांच्या बाबतीत मी भित्री आहे. एखाद्याचा फॉर्म भरून दिला तरी संध्याकाळपर्यंत जन्मतारीख बरोबर टाकली ना, हे मनात घोळत राहतं. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी जे केलं ते माझ्यासारख्या बाईनं कसं केलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्या दिवशी मी बार्शीच्या डिस्ट्रिब्युटरला फोन लावला.

“ताई, फॉरेनरचं आपल्या ॲपवर होतच न्हाय,” तो म्हणाला. “धाराशिवला कंपनीच्या मोठ्या दुकानात पाठवा. आन् तुमी त्यात पडू नका.”

मी त्या माणसाला एका चिठ्ठीवर दुकानाचा पत्ता आणि एसटीची वेळ लिहून दिली. माझं इंग्रजी बी.ए.पर्यंतचं, त्याचं कामापुरतं. दोघांचं मिळून एक वाक्य व्हायचं. तेवढ्यातून कळलं ते असं. पवनचक्कीच्या पात्याला तडा गेला की वर दोराला लटकून तो बुजवायचा, हे त्याचं काम. सहा महिन्यांसाठी आला होता. त्याच्या देशातलं कार्ड इथं आल्यावर बंद पडलं. पुण्यातला कंपनीचा माणूस दर आठवड्याला म्हणायचा, पुढच्या आठवड्यात सिम देतो. आणि लॉजचं वायफाय फक्त जिन्यात चालायचं, तेही वरून तिसऱ्या पायरीवर.

पहिल्या फेरीत धाराशिवच्या दुकानानं त्याला परत पाठवलं. राहत्या पत्त्याचा कागद हवा, कंपनीचं पत्र हवं, आणि इथला कुणीतरी माणूस हवा, ओळख देणारा, ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येईल. पत्र यायला आठ दिवस लागले. पत्र घेऊन तो दुकानात आला आणि पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स काढायला सांगितल्या. मग जरा थांबून म्हणाला, “ओळखीचं माणूस... इथं मला कोणी नाही.”

मी माझा नंबर लिहून दिला. त्यात काही धोका आहे असं तेव्हा वाटलं नाही.

दुपारी धाराशिवच्या दुकानातल्या मुलीचा फोन आला. “मॅडम, हे सर आमच्याकडं आलेत. तुम्ही ओळखता का ह्यांना?”

मी त्याला तीनदा बघितलं होतं. “व्हय,” म्हणाले आणि ओटीपी सांगितला.

सिम हातात मिळालं, पण चालू झालं नाही. दोन दिवसांनी नामंजूर. त्यांच्या देशात नावाच्या मधे आईचं माहेरचं आडनाव लावतात. पासपोर्टवर ते होतं, व्हिसावर गाळलं होतं, आणि आपल्या फॉर्मवर मधल्या जागी वडिलांचं नाव मागत होते. धाराशिवच्या मुलीनं एकदा एक लिहिलं, एकदा दुसरं. दोन्ही वेळा नामंजूर. तो संध्याकाळी साइटवरून आला की आधी माझ्या तोंडाकडं बघायचा. मी मान हलवली की स्टूल ओढून बाहेर बसायचा. मी माझं हॉटस्पॉट चालू करून द्यायचे आणि तो अर्धा तास घरी बोलायचा. दोन मुली होत्या त्याला. धाकटीचे पुढचे दात पडलेले. ती पडद्यातून मला हात करायची.

एके संध्याकाळी त्यानं घरचं बोलणं मधेच आवरलं. फोन ठेवला, आणि मोबाइलवर एक नकाशा काढून माझ्यापुढं धरला. निळ्या समुद्रात पांढरं भोवऱ्यासारखं काहीतरी, आणि त्याच्या पुढं बेटांची रांग. त्यानं एका बेटाच्या कडेवर बोट ठेवलं.

“माझं घर.”

“वादळ पोचायला किती दिवस?”

“दोन. कदाचित दीड.”

आमच्याकडं ढग आले तरी पाऊस पुढं निघून जातो. वादळ म्हणजे फार तर पत्रे वाजतात. त्यानं सांगितलं, की बायको, मुली आणि म्हातारी आई गावच्या शाळेत जाऊन राहणार आहेत. वादळ आलं की तिथलं इंटरनेट आधी जातं. मग व्हिडिओ वगैरे काही नाही, साधा मेसेज किंवा साधा फोन. तोही कुणाच्या तरी मोबाइलवरून, जिथं रेंज असेल तिथून. बायको विचारत होती, कुठल्या नंबरवर करू? आणि त्याच्याकडं नंबरच नव्हता.

“तुमचा नंबर तिला देऊ?” त्यानं विचारलं.

“द्या,” मी म्हणाले.

पण घरी गेल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहीना. पोळ्या लाटताना फोन शेजारी, देवापुढं दिवा लावताना फोन शेजारी. फोन आला आणि मला त्या बाईचं बोलणंच कळलं नाही तर? ती एकदाच करू शकली आणि त्या वेळी तो वर दोराला लटकलेला असला तर? मी काय निरोप घेणार आणि कुणाकडं देणार? नवऱ्यानं विचारलं, “कुणाचा फोन यायचाय का?” मी म्हणाले, “न्हाय, असंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, साइटची गाडी यायच्या आधी, तो दुकानासमोर उभा होता. त्याचे डोळे लाल. मी शटर उघडलं, ड्रॉवरमधून नवं सिम काढलं, दुकानाच्या ॲपवर माझा स्वतःचा आधार नंबर टाकला, आणि मोबाइल तोंडापुढं धरला. ॲपनं डोळे मिचकावायला सांगितले. मी मिचकावले. ओटीपी दुकानाच्याच फोनवर आला. पंधरा मिनिटांत कार्ड चालू झालं. ते मीच त्याच्या मोबाइलमध्ये घातलं.

“तुमचं आलं की हे परत द्यायचं,” मी बजावलं.

“परत देणार, सिस्टर. प्रॉमिस.”

पुढचे तीन दिवस काहीच कळलं नाही. तो रोज येऊन मान हलवायचा. आता मान हलवायची पाळी त्याची होती. चौथ्या दिवशी भर दुपारी, अंगावर पट्ट्या-कड्या तशाच, तो साइटवरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आला. मेसेज होता, त्यांच्या भाषेतला, दोन ओळींचा. त्यानं भाषांतर केलं: छप्पर गेलं. माणसं सगळी आहेत. आणि तो स्टुलावर बसून हमसून हमसून रडला. शेजारचा खवेवाला धावत आला, म्हणाला, “काय झालं ओ ताई ह्येला?” मी म्हणाले, “चांगलंच झालंय.” त्यानं आतून मूठभर खवा आणला आणि त्याच्या हातावर ठेवला.

त्यानंतर महिन्याभरानं त्याचं इथलं काम संपलं. कंपनीनं त्याला एकाएकी गुजरातच्या साइटवर हलवलं. जाताना त्याची भेट झाली नाही. मी चुलत जावेच्या डोहाळजेवणाला गेले होते आणि दुकान बंद होतं. त्याचं स्वतःचं कार्ड तोवर चालू झालं नव्हतं, आणि माझं सिम परत आलं नाही. ते बंद करायचं हे माझ्या डोक्यात होतं. रोज उद्यावर जायचं. कधी वाटायचं, त्याला अजून लागत असेल. खरं सांगायचं तर, बंद करायला गेलं की कुणीतरी विचारील, मग हे वापरत कोण होतं? त्या प्रश्नाला मी भीत होते.

पुढं दीड-दोन महिन्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला.

“ह्या नंबरचं सिम तुमच्या नावावर हाय का?” पलीकडच्या हवालदारांनी आकडे वाचून दाखवले.

“हाय.”

“कोन वापरतं?”

मी उठून शटर अर्धं खाली ओढलं.

“उद्या सकाळी ठाण्यात या. घरचं कोनतरी संगं घेऊन या.”

“साहेब, काय झालंय?”

“एक पोरगी बेपत्ता हाय. तिच्या फोनवर सगळ्यात जास्त फोन ह्याच नंबरचे हायत.”

नवरा शाळेतून आल्यावर मी सगळं सांगितलं. ते चपला काढता काढता थांबले. एक चप्पल पायात तशीच.

“अगं, मी सरकारी नोकर. दुकान आबांच्या नावावर. तुला एकदा तरी विचारावंसं वाटलं न्हाय?”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणला असता.”

“म्हणलोच असतो!”

त्यांनी दुसरी चप्पल काढून दाराशी ठेवली. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, “हरवलं म्हणून सांग. काढलं होतं, पर्समधून कुठंतरी पडलं. कुणाला सापडलं, आपल्याला काय माहीत? त्या माणसाचं नावच काढायचं न्हाय.”

ते मला पटलं. पण मनात दुसरंच काहीतरी होतं. सिम त्याच्याकडं होतं. फोन त्या सिमवरून झाले होते. मग त्यानंच केले असतील का? ज्या माणसाच्या मुलीनं मला पडद्यातून हात केला, त्याच माणसानं? मी त्याला ओळखते, असं धाराशिवच्या मुलीला सांगितलं होतं. काय ओळखत होते मी? स्टुलावर बसलेला तेवढाच अर्धा तास. तो रडला ते खरं होतं, हे मला ठाऊक होतं. पण रडणारा माणूस दुसरं काही करणारच नाही, असं कुठं असतं? त्या पोरीच्या आईचं काय होत असेल, हे मनात आलं की मला त्याचा राग यायचा, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची.

सकाळी ठाण्यात बाकावर ती आई बसलेलीच होती. पदर तोंडाशी, शेजारी तिचा दीर. मी कोण आहे हे तिला माहीत नव्हतं. तिनं सरकून मला जागा दिली. मी तिच्याशेजारी बसले, आणि आमची पाळी येईपर्यंत तिच्याकडं एकदाही बघू शकले नाही.

हवालदार वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवलेला. “बोला.”

“साहेब, ते सिम हरवलं,” मी सुरुवात केली.

“कवा?”

“झाले... तीन महिने.”

“कुठं?”

“बाजारात.”

“तक्रार दिली? बंद केलं?”

“न्हाय.”

“सिम विकायचं दुकान चालवता आन् हरवलेलं सिम बंद करायचं कळत न्हाय?” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बहुतेक मी निभावून नेलं असतं. त्यांनी फक्त चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडं बघितलं. बाहेर त्या आईला खोकला आला.

मी सगळं सांगून टाकलं. नवरा शेजारी बसून जमिनीकडं बघत होते. पासपोर्ट, धाराशिवच्या फेऱ्या, वादळ, डोळे मिचकावणं, सगळं. हवालदारांनी मधे एकदाच विचारलं, “परदेशी मानूस कवा गेला हितनं?” मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

“त्याचा काय कागद हाय तुमच्याकडं?”

होता. झेरॉक्स काढताना पासपोर्टची एक प्रत काळी निघाली होती, ती मी बाजूला ठेवली होती. मी नाही म्हणू शकले असते. त्यांना कळलंही नसतं. मी दुकानात जाऊन ती प्रत आणली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. काळपट कागदावर त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण नाव आणि नंबर दिसत होते.

पुढचे सहा दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मोबाइल कंपनीनं दुकानाचा सिम विकायचा आयडी बंद केला. गिऱ्हाईक आलं की वाटायचं, ह्याला माहीत आहे. फोन वाजला की वाटायचं, पोरीचं काहीतरी बरंवाईट कळलं. सासऱ्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण आयडी बंद झाल्याचा मेसेज त्यांच्याच फोनवर आला. त्यांनी तो मला वाचायला दिला. नवऱ्याचा अबोला नव्हता, ते बोलायचे, पण गरजेपुरतं. मी मनातल्या मनात त्या फिलिपिन्सच्या माणसाला विचारायचे, तुम्ही केलंत का? आणि लगेच, नसेल केलं तर तुमचं आता काय करतील?

सातव्या दिवशी हवालदार स्वतः दुकानात आले, कसल्याशा कागदाच्या झेरॉक्सला.

“पोरगी सापडली,” मशीनकडं बघत ते म्हणाले. “पुन्याला. लगीन करून बसलीय. वीस वर्साची हाय, आपल्या मर्जीनं गेले म्हनून जबाब दिलाय.”

“कुणाशी?” मी विचारलं.

“पवनचक्कीवर दोर वडायच्या टोळीत हुता, शेजारच्याच गावचा. तुमच्या परदेशी पाव्हण्यानं जाताना सिम त्याच्याकडं दिलं हुतं, दुकानात ताईला नेऊन दे म्हनून. त्यानं ठिवलं आपल्यापाशीच.”

मी काढलेल्या झेरॉक्स काउंटरवर ठेवल्या. हवालदारांनी कागद गोळा केले. “हमीपत्र लिहून द्यावं लागंल तुमाला. परत असलं करू नका. चांगुलपना करायचा तर आपल्या नावावर करू नये.”

हमीपत्र मी त्याच दिवशी दिलं. सिमही बंद केलं. मुलीच्या आईबद्दल चौकशी केली तर कळलं, ती लेकीशी बोलत नाही, पण जिवात जीव आलाय. आमचा सिमचा आयडी परत मिळाला नाही. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि रिचार्जवर दुकान चालतं. नवरा हळूहळू पहिल्यासारखे बोलायला लागले.

त्याचा मेसेज आला तो आणखी पंधरा दिवसांनी, त्याच्या देशातल्या नंबरवरून. लांबलचक होता. गुजरातला पोलीस साइटवर आले, त्याला ऑफिसात दिवसभर बसवून ठेवलं, पासपोर्ट काढून घेतला आणि दोन दिवसांनी परत दिला. आता तो घरी आहे, काम संपलं. कार्ड स्वतः आणून दिलं नाही ही त्याचीच चूक, तुम्हाला त्रास झाला, माफ करा. आणि मग लिहिलं होतं: “मी तुमचं नाव आधी सांगितलं नाही, सिस्टर. कार्ड रस्त्यात सापडलं असं म्हणालो. मग त्यांनी तुमच्या दुकानातली झेरॉक्स दाखवली.”

मी ते उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. त्याचं सहा महिन्यांचं काम संपायला अजून दिवस होते, हे मला माहीत होतं. काम संपलं, की संपवलं, हे त्यानं लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी मेसेज नवऱ्याला दाखवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

“तू खरं बोललीस,” ते म्हणाले. “त्यात तुझं काय चुकलं?”

“काय न्हाय,” मी म्हणाले.

मग मी त्याला उत्तर लिहिलं, इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत. झेरॉक्स मीच दिली, मला भीती वाटली होती, आणि मधे काही दिवस मला तुमचा संशयही आला होता, असं लिहिलं. तो शेवटचा भाग मी खोडला, परत लिहिला, आणि तसाच पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: “इट इज ओके, सिस्टर.” त्यापुढं काही नाही. त्यानंतर त्यानं लिहिलं नाही, आणि मीही लिहिलं नाही.